हातचे तेहतीस

मुखवटा घट्ट बसवला की माणसाला बोलता येत नाही,
म्हणून प्रश्न मी आधीच विचारून घेते:
वय, आजार, सकाळी काय खाल्लं.
इर्या ह्युवोनेन, अडुसष्ट.
राईचा पाव, दोन कप काळी कॉफी,
आणि, थोडं थांबून, अर्धा वेलदोड्याचा बन.
उरलेला खिशात आहे, नंतरसाठी.

कुओपिओच्या या तळमजल्यावर पट्टा फिरतो,
चाकांच्या स्कीवर ती जागच्या जागी पुढे जाते.
बाहेर सरोवर गोठलंय, त्यावरून ती रोज जातेच,
पण तिथे श्वास मोजता येत नाही,
तो नुसता पापण्यांवर साचतो.
इथे नळीतून येतो, आणि मी वाचते:
एक लिटर प्राणवायू, साधारण पाच कॅलरी.
साधारण.
माझ्या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक शब्द.

एक तास. चारशे एकतीस.
तिच्या मनगटावरचं घड्याळ: सहाशे पंचावन्न.

घड्याळं फुगवून सांगतात, ठाऊक आहे मला.
खुशमस्करी हाच त्यांचा पोटाचा धंदा.
दहा, पंधरा, फार तर पंचवीस टक्के
मी डोळे झाकून सोडून देते.
पण दीडपट?
म्हटलं, द्या इकडे, बघू आत काय भरलंय.
घड्याळाला डोळे नसतात,
आपण सांगू तेच वजन त्याला खरं.

पुरुष.
वजन चौऱ्याण्णव.
जन्म मार्च, बावन्न.

माझ्या काट्यावर ती एकसष्ट भरली होती, मोज्यांसकट.

दुरुस्त करायला मी बोट पुढे केलं.
तिनं मनगट मागे घेतलं,
झटकून नाही,
वाऱ्यानं दार हळूच लोटलं जातं, तसं.
"ताइस्तोचं आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यावर
मुलीनं ओउलूहून पाठवलं.
अकरा दिवस घातलं त्यानं, तेही बाहीखाली.
म्हणायचा, किती लाकडं फोडली ते ढिगाला विचार."

मला सूत्र पाठ आहे, म्हणून पुढचं तिनं सांगावं लागलं नाही.
काही न करता नुसतं जगायलाही खर्च येतो,
आमच्या पुस्तकात त्याला विश्रांतीचा दर म्हणतात.
ती दिवा मालवून झोपते
आणि मनगटावर चौऱ्याण्णव किलोंचा माणूस
रात्रभर थोडा थोडा जळत राहतो.
सकाळी आकडा तयार असतो, पाचशे तीसच्या आसपास.
मार्च आला की घड्याळ त्याला एक वर्षानं वाढवतं,
आणि वयोमानाप्रमाणे
त्याचं जळणं किंचित कमी करतं.

अहवालात एक रकाना आहे: तफावतीचं कारण.
तिथे 'चुकीची नोंद' एवढं लिहिलं की काम संपतं.
पेन टेकवलं आणि शाळेतली वजाबाकी आठवली.
आमच्या भाषेत हातच्याला
आठवणीचा आकडा म्हणतात;
बाई तो पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहायला लावायच्या
आणि शेवटी पुसायला विसरलो तरी
मार्क कापायच्या नाहीत.
चौऱ्याण्णव वजा एकसष्ट.
रकाना मी रिकामा सोडला.
वरिष्ठ विचारतील. विचारू देत.

"हृदय ठीक आहे ना?" तिनं टोपी घालताना विचारलं.
ठीक आहे.
"मग झालं." तिनं बन काढला,
लोकरीचे धागे चिकटले होते ते वेचले,
आणि उभ्या उभ्याच खाल्ला, सगळा,
आकड्याकडे न बघता.

पावणेचारलाच अंधारायला लागलं.
खिडकीतून दिसली ती, बर्फावर लहान होत जाणारी,
मागे दोन समांतर रेघा.
वारा समोरून, सरोवराची रुंदी तीन किलोमीटर,
अंगावर जाड कोट.
सवयीनं मी अंदाज बांधला,
दोनशे, सव्वादोनशे.
मग वाटलं, वजन कुठलं धरलं मी?
पुन्हा हिशेब केला नाही.
मुखवटा धुवायला टाकला,
आत तिच्या श्वासाचं पाणी होतं, चमचाभर,
कोमट.